नावाला समितीची मंजुरी

संशोधकाने सहभागीच्या घरी चहा प्यावा का, यावर सलोनीच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीने तीन आठवडे विचार केला. निकाल असा: चहा चालेल, चकली नको. चकलीने दबाव येऊ शकतो.

"अगंबाई! चकलीचा कसला आलाय दबाव?" झूटरमेर या डच शहरातल्या आपल्या स्वयंपाकघरात नंदाताईंनी कपाळावर हात मारला. "आणि ही नऊ पानं?"

"संमतीपत्र, काकू. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेल्या बायकांवर माझा अभ्यास आहे ना. बोलताना त्रास झाला तर हा फोन नंबर. आणि कारण न देता कधीही सोडून जाता येतं."

"सोडून जायला मी काय पळपुटी आहे?"

पण खरा घाव चौथ्या पानावर बसला. या अभ्यासाचं पुस्तक निघेल, त्यात नाव छापणार नाहीत. नंदाताई म्हणजे सहभागी क्रमांक सात.

आता आली का पंचाईत! बाई तयार झाल्या होत्या त्याच मुळी नावासाठी. बावीस वर्षं खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, उल्हासची जोडीदार. डॉक्टरकडे उल्हासची बायको. एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच हौस.

"नाव नाही तर सहीही नाही. जा, सांग त्यांना."

सलोनी रडकुंडीला आली. समिती पुन्हा बसली. सहभागीने हवं ते टोपणनाव घ्यावं. मात्र ते तिच्या कुठल्याही ओळखपत्रावर नसावं.

नंदाताईंनी दोनदा वाचलं. "पासपोर्टवर नको?"

"नको."

"खेमेंतेत नको?"

"कुठेच नको, काकू."

मग त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: निशिगंधा. आणि खाली सही ठोकली.

"किती छान! कुठून सुचलं?"

"आमच्या अण्णांना सुचलं होतं. माझ्या बारशाला." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सासूबाई म्हणाल्या, एवढं लांबलचक कोण हाका मारणार? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'नंदा' लिहिलं, झालं."

सलोनी घाबरली. तिने सगळं खरं खरं समितीला कळवलं. समितीने चौकशी केली, आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं: 'या नावाची व्यक्ती या पत्त्यावर आढळली नाही. नाव पूर्णपणे काल्पनिक. मंजूर.'

नंदाताई पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांचा बांध फुटला.

"काकू, त्रास होतोय का? तो नंबर..."

"गप बस," त्यांनी पदराने डोळे पुसले आणि डबा पुढे सरकवला. "चकली खा. निशिगंधाने दिलीय."