ओल्या फडक्यातली नळी

सकाळच्या एस.टी.नं अकोल्याहून आलेली पेटी प्रणालीनं उघडली. रक्ताच्या नळीभोवती बर्फाच्या चार पिशव्या, अगदी निगुतीनं मांडलेल्या.

या नळीत पेशी जपणारं औषध होतं. रक्तात हिंडणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्यात तीन दिवस शाबूत राहायच्या. अट एकच, ना ऊन ना बर्फ. कोट्यवधी पेशींत अशा सापडणार दोन-चार. त्याच बर्फानं नासल्या, तर शोधायचं काय?

अकोल्याच्या दवाखान्यात रक्त काढणाऱ्या स्वप्निलला तिनं फोन लावला.

"बर्फ काहून टाकला रे?"

"म्याडम, तुमीच लिहून देल्लं, खोलीच्या तापमानात ठेवा म्हणून. आमच्या खोलीत पंखा बी आग फेकून राहिला. पंचेचाळीस आहे इथं! म्हटलं, कागद गेला चुलीत, रक्त तं वाचवा."

तो कागद प्रणालीनंच लिहिला होता, अमरावतीच्या एसी प्रयोगशाळेत बसून.

ज्यांचं हे रक्त, त्या कुलसुमबी तिथंच भरती होत्या; पहिली केमो उद्या सकाळी होती. त्याआधीचं रक्त नसेल, तर औषधानं पेशी घटल्या की नाही हे पुढे ताडून पाहणार कशाशी? अन् आज शीर सापडेपर्यंत त्यांना तीनदा टोचावं लागलं होतं.

"तुमीच विचारा त्याहिले," म्हणत स्वप्निलनं फोन कुलसुमबींच्या हाती दिला.

"चाची, नमुना खराब झाला. चूक माझी आहे. पुन्हा रक्त द्याल का? नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात काही फरक पडत नाही."

"घे बाई. उद्यापासून टोचाटोचीच आहे. पण यायच्या हाती धाडते. त्या पेटीचा भरोसा नाही."

'यायच्या' म्हणजे ह्यांच्या, त्यांच्या नवऱ्याच्या, गुलाम नबींच्या. बसस्टँडजवळ त्यांचा पानठेला. ते फोनवर आले तसं प्रणालीनं अंश, डिग्री सुरू केलं आणि मधेच थांबली. तिचं तिलाच ते कागदी वाटलं.

"चाचा, तुम्ही पानं कशी ठेवता?"

"ओल्या फडक्यात. बर्फात पान काळं पडते, उन्हात वाळते. काहून?"

"तशीच नळी आणा. आधी प्लास्टिक, वरून फडकं."

"मंग हे आधी नाही का सांगाचं?"

चार वाजता ते आले. पानाच्या टोपलीत लाल फडकं, त्यात नळी. बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा, गाडी थांबली की पाणी शिंपडत आले होते. प्रणालीनं तापमापक लावला. सव्वीस अंश, हवं तेवढंच.

तेवढ्यात सासूबाईंचा, माणिकबाईंचा फोन. "दामिनी बाटलीकडे पाहतच नाही. येतेस कधी?"

"येते आई, थोडंसं राहिलंय." आठ महिन्यांची पोर. दुधानं छाती दुखून आली होती. सकाळपासून तिनं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

बारीक नाल्यांच्या चिपमधून रक्त मुंगीच्या चालीनं सरकलं. साध्या पेशी वाहून गेल्या, मोठ्या अडकल्या. साडेसहाला सूक्ष्मदर्शकावरून मान उचलून ती बाहेर आली. चाचा बाकावर टोपली मांडीवर घेऊन बसले होते.

"सापडल्या?"

"तीन. शाबूत."

त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "पाह्यलं? माह्या हातचं पान कधी बिघडलं नाही." मग हसू जागच्या जागी विरलं. "म्हणजे बिमारी रक्तात फिरून राहिली."

नियमानं हे डॉक्टरांनी सांगायचं होतं. पण 'नाही' म्हणण्याइतका जीव प्रणालीत उरला नव्हता.

"हो चाचा. पण आज मोजता आल्या, म्हणून पुढे घटल्या का ते कळेल."

"अन् पुढं एकबी नाही दिसली तं?"

"तर मी पुन्हा पाहीन. मग पुन्हा एकदा."

ते उठले. टोपली घेतली, फडकं मात्र बाकावर ठेवलं.

"राहू द्या तुमच्यापाशी. पुढच्या बारीले लागन."

फडकं अजून ओलं होतं. प्रणालीनं ते पिळून खिडकीच्या गजावर टाकलं, आपल्याकडच्या कागदावरचं 'खोलीच्या तापमानात' खोडून 'ओल्या फडक्यात' लिहिलं आणि पर्स उचलली.