नावाड्याचं दुसरं वाक्य

चमच्यांना झिलई देता देता काझुनारी इसोबे सेहेचाळीस वर्षांचा झाला. लग्न नाही, मित्र म्हणावा असा एकच. त्सुबामे गावातल्या कारखान्यात सगळे त्याला भला माणूस म्हणत, म्हणजे खरं तर त्याच्याबद्दल कोणी काही म्हणतच नसे. त्याचा जीव अडकला होता ‘धुक्यातला मुलूख’ नावाच्या एका जुन्या व्हिडिओ गेममध्ये. एक राजपुत्र, एक म्हातारा भिक्षू, सात नद्या आणि शेवटच्या नदीपलीकडे राक्षस. इतकीच गोष्ट, पण इसोबे तिच्यावर चाळीस वर्षं जगला होता.

तो मित्र म्हणजे नेझू, टपाल कचेरीतला कारकून आणि याच खेळाचा भक्त. दोघं मिळून पदरमोड करून खेळावर एक पुस्तिका काढत होते. सोमवारी मजकूर छापखान्यात द्यायचा होता. नकाशे नेझूचे, आणि वीस पानांचा लेख इसोबेचा. त्याने आयुष्यात लिहिलेली एवढीच एक गोष्ट, आणि तीही सगळी एका वाक्यावर.

खेळात भिक्षू घाटात मरतो. राजपुत्र एकटाच तिसऱ्या नदीवर येतो. नावाडी विचारतो, ‘पलीकडे जायचं का?’ त्याच्याशी पुन्हा बोललं की तो म्हणतो, ‘जो मागे राहिला, तो पुढच्या नावेने येईल.’ या दुसऱ्या वाक्याइतकं मोठं काही कोणत्याही खेळात कोणी लिहिलेलं नाही, असं इसोबेचं म्हणणं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी नेझू लेख घेऊन आला. तो आधी बराच वेळ हवेबद्दल बोलला, तेव्हाच इसोबेने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

“इसोबेसान, रागावू नका,” नेझू शेवटी म्हणाला. “नावाड्याला दुसरं वाक्यच नाही हो.”

इसोबे हसला. नेझूने खेळातलं प्रत्येक वाक्य उतरवून काढलेली वही पुढे केली. मग कपाटातून यंत्र निघालं, कॅसेट बसली, भिक्षू मेला आणि राजपुत्र नदीवर पोचला. नावाड्याशी ते अकरा वेळा बोलले. अकराही वेळा त्याने पलीकडे जायचं का, एवढंच विचारलं.

खेळ तोंडपाठ झाल्यापासून इसोबे नावाड्याशी पुन्हा बोलायला थांबलाच नव्हता. पाठ असलेल्या गावात कोण कोणाला रस्ता विचारतो? तो थेट नावेत बसायचा. त्या कॅसेटमध्ये जागा इतकी कमी, की लिहिणाऱ्यांनी एकेक अक्षर मोजून वापरलं होतं, असं नेझू हळुवारपणे समजावत राहिला. इसोबेला ते ऐकूच येत नव्हतं. वीस पानं पाण्यात गेली याचं दुःख होतंच. पण ज्या गोष्टीवर आपण जन्मभर प्रेम केलं ती मुळात नव्हतीच, याचं दुःख त्याहून मोठं होतं.

रात्रभर विचार केल्यावर त्याला एक गोष्ट आठवली. खेळ घरी आला तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं. बटणं तो दाबायचा आणि पडद्यावरचं वाचून दाखवायची त्याची ताई.

शनिवारी दुपारी, रीतीप्रमाणे सासादांगो या पानात गुंडाळलेल्या मिठाईचा पुडा घेऊन, तो ताईच्या, म्हणजे सातोएच्या, केशकर्तनालयात गेला. ती त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. एका आजीबाईंचे केस यंत्राखाली वाळत होते. इसोबेने सगळं सांगितलं. सातोए कात्री पुसत ऐकत होती.

“मीच पदरचं घातलं असेल ते,” ती म्हणाली. “भिक्षू मेला की तू भोकाड पसरायचास. यंत्र बंद करायचास. मग पुन्हा पहिल्यापासून तेच वाचा. आई कारखान्यातून यायची सहाला, तोवर मी काय करायचं?”

“पण ताई, चाळीस वर्षांत सांगायचं तरी.”

“तू ते छापायला निघशील हे मला काय स्वप्न पडलं होतं?”

आजीबाई आरशातून म्हणाल्या की त्यांचे यजमान रोजचं वर्तमानपत्र असंच वाचून दाखवायचे. इसोबेला हसू आलं नाही. लेख आता काढून टाकतो, पुस्तिकेत नकाशेच राहू देत, असं तो म्हणाला आणि उठला.

“बघू तरी,” म्हणत सातोएने कागद ओढून घेतले. चष्मा लावून ती खुर्चीवर बसली. वीस पानं वाचायला वेळ लागला. मधे उठून तिने आजीबाईंचं यंत्र बंद केलं आणि पुन्हा येऊन बसली. आपलं लिहिणं कोणी असं समोर बसून वाचावं याची इसोबेला सवय नव्हती. तो बाहेर सायकलींकडे बघत राहिला.

एकोणिसाव्या पानावर ती थांबली. तिथे इसोबेने त्या अनामिक लेखकाबद्दल लिहिलं होतं: हे वाक्य लिहिणाऱ्याने कधीतरी कोणाची तरी वाट पाहिली असणार, आणि ते माणूस येणार नाही हे लिहितानाच त्याला ठाऊक असणार.

ज्या वर्षी खेळ घरी आला, त्या वर्षी वडील हिवाळ्यात कामासाठी नागोयाला गेले होते. बर्फ वितळल्यावर गावातले बाकीचे बाप परतले. इसोबेला त्यातलं काही आठवत नव्हतं. सातोए अकरा वर्षांची होती.

“इथे चुकलंय तुझं,” ती म्हणाली.

“कुठे?”

“मला ठाऊक नव्हतं रे. मला वाटायचं, येतील.”

तिने गल्ल्यावरची पेन्सिल उचलली, वाक्याचा उत्तरार्ध खोडला आणि कागद परत दिले. “आता छाप,” म्हणाली, आणि आजीबाईंचे केस विंचरायला गेली.