उद्याचा पेढा

वेळ बघताना माधवीचा तळहात आभाळाकडे होतो. घड्याळ ती मनगटाच्या आतल्या अंगाला बांधते, त्यामुळे किती वाजले हे पाहायचं तर हात उताणा करावा लागतो. चैत्रातल्या दुपारी पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्या काचेवर पडली, की समोरच्या भिंतीवर नाण्याएवढा उजेडाचा एक ठिपका उमटे आणि तिच्या हाताबरोबर थरथरत फिरे. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला गंध आणि भिंतीवरचा तो चंचल ठिपका: माझ्या मावसबहिणीचं प्रतीक्षापर्व माझ्या स्मरणात असं सुरू होतं. दिवसातून हजार वेळा ती वेळ पाही. कुणी म्हणेल, मंदाताई, हजार जास्त झाले. बरं, नऊशे धरा. पण दर वेळी तो हात असा पसरला जाई की परक्याला वाटावं, ही बाई कुणाकडे तरी काहीतरी मागते आहे. आणि परक्याचं ते वाटणं चुकीचं नव्हतं.

आमच्या रायपूरच्या उन्हाची थोरवी मी काय वर्णावी? चैत्रातच चौबे कॉलनीतले कावळे सावली बघून मगच पंख उघडतात, आणि गच्चीवर वाळत घातलेला पापड तळूनच खाली उतरतो. अशा उन्हात माधवी उतरली ती कॅनडातल्या बर्फगावाहून, जिथे म्हणे माणसाचा उसासासुद्धा काचेवर नक्षी होऊन दोन दिवस टिकतो. तिथल्या शहरबसचं वेळापत्रक आखणं हा तिचा व्यवसाय. कुठल्या थांब्यावर कुठली गाडी किती मिनिटांनी यावी, हे ती ठरवते आणि सगळं शहर तिचं ऐकतं. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर प्रवासी चिडत नाहीत, चिडते ती माधवी. अशा बाईच्या कपाळी नियतीनं वेळापत्रक नसलेली प्रतीक्षा लिहावी, यात मला तरी नियतीचा मिश्कीलपणाच दिसतो.

ती जन्मली आमच्या याच घरात, वरच्या मजल्यावर. शिकली, परदेशी गेली, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी फोनवर म्हणाली, "ताई, मी मूल दत्तक घेते आहे. एकटीच." मी इकडे फोडणी जाळली. पुढची काही वर्षं नोंदणी, चौकश्या, तिच्या घराची पाहणी, तिच्या शेजाऱ्यांच्या मुलाखती. हत्तीणसुद्धा एवढ्या अवधीत मोकळी होऊन पिलाला सोंड हलवायला शिकवते. आणि अखेर भारतातल्या ज्या मुलीशी तिचं नाव जुळलं, ती होती आमच्याच गावातल्या एका शिशुगृहात. सारी पृथ्वी पालथी घालून बाई आपल्याच अंगणात पोचली. या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. ती जशी घडली तशीच मुळात अतिशयोक्त आहे.

मुलीचं नाव फुलेश्वरी. वय पाचाच्या आसपास. माधवीनं होकार दिला, दोन्ही देशांच्या मंजुऱ्या आल्या. आता उरला होता एकच कागद, मूल हिचं झालं असं सांगणारा हुकूम. तो मिळाला की पासपोर्ट, मग विमान. "महिनाभरात होईल," असं कुणीसं म्हणालं, आणि वेळापत्रकावर श्रद्धा असलेल्या त्या बाईनं दिवाळीपर्यंतची बिनपगारी रजा काढून विमान पकडलं. महिनाभर म्हणजे नेमका कुठला महिना, हे विचारायला ती विसरली. इतकी वर्षं परदेशात राहिलं की असं होतं.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. वाट पाहणाऱ्या माणसाचं शरीर हळूहळू नुसता कान होत जातं, हे मी तिच्यात पाहिलं. फाटकाची कडी वाजली की तिच्या हातातला चमचा अधांतरी थांबे. स्कूटरचा आवाज आमच्या वळणावर मंद झाला की मान किंचित कलती होई. आणि स्कूटर पुढे निघून गेली की चमचा पुन्हा कपात उतरे, पण तो आता काही ढवळत नसे. सकाळी गावाबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांतून आलेली काळी धूळ गच्चीच्या कठड्यावर बसलेली असे. माधवी त्यावरून बोट फिरवी, बोटाकडे पाही, आणि पुसून टाकी. रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिच्या वाटणीचं मी रडे, आणि माझं रडणं सदर बाजारापर्यंत ऐकू जाई असा माझ्या यजमानांचा दावा आहे.

गुरुवार मात्र वेगळ्या धातूचा बनलेला असे. दर गुरुवारी शिशुगृहात भेट मिळे आणि मी सोबत जाई. तेल लावून चापून बसवलेल्या दोन वेण्या, पुढचा एक दात गायब, आणि सगळं जग आपल्याला जाब देणं लागतं अशी नजर: फुलेश्वरी प्रथम आमच्याकडे ढुंकूनही पाहीना. मग माधवीनं वेळ पाहिली. हात उताणा झाला, भिंतीवर उजेडाचा ठिपका उमटला, आणि पोरगी मांजरासारखी त्याच्यावर झेपावली. त्या दिवसापासून दोघींचा तोच खेळ. एकीनं मनगट हलवायचं, दुसरीनं सूर्य पकडायचा. पुढे पुढे पोरगी स्वतःही हात उताणा करून आपल्या रिकाम्या मनगटाकडे गंभीरपणे पाहू लागली, जणू तिचंही कुठे विमान सुटणार होतं.

निघताना ती छत्तीसगढीत एकच प्रश्न विचारी: "काली आबे?" उद्या येशील?

तिच्या लेखी काळाची दोनच दालनं होती, आज आणि उद्या. गुरुवार, हुकूम, मंजुरी ही दालनं तिच्या घरात नव्हती. आणि तिथल्या दीदींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दीदी, जब तक ऑर्डर नहीं आता, कोई वादा मत कीजिए. ये बच्चे वादा भूलते नहीं हैं." म्हणून माधवी उत्तर देत नसे. पोरीचे केस सारखे करी, हसे, आणि फाटकाबाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत श्वास घेत नसे. एकदा रिक्षात ती म्हणाली, "ताई, हिला एकदा कुणीतरी सोडून गेलंय. रजा संपेपर्यंत कागद नाही आला, तर दुसऱ्यांदा सोडून जाणारी मी असेन. कागद नंतर येईल, मी परत येईन, हे तिला कुठल्या भाषेत सांगू?" मी तिचा उताणा हात माझ्या मांडीवर ओढून घेतला. 

श्रावणात आमच्या मंडळातल्या बायकांनी डोहाळजेवणाचा घाट घातला. म्हणजे घातला मीच, पण नाव मंडळाचं. लगेच कुजबुज उठली. नवरा नाही, महिने नाहीत, मग डोहाळे कशाचे? ओटी कुणाच्या हिशेबानं भरायची? वाद एवढा पेटला की साबुदाणे भिजायचे ते भाजून निघाले असते. शेवटी शेजारच्या कुमुदकाकू उठल्या. रीतिरिवाजाच्या बाबतीत काकू म्हणजे आमचं सर्वोच्च न्यायालय.

"काहून नाही?" काकू गरजल्या. "पोट्टी येऊन राहिली ना घरात? मंग जेवण काहून नाही? पाहा तिले, वाळून चिपाड झाली. कडी वाजली का दचकते, ताटातलं तसंच ठेवून उठते. मले चार लेकरं झाली, मले नाही लागले असे कडक डोहाळे!"

निकाल लागला.

हिरवी साडी नेसून, मोगऱ्याचे गजरे आणि फुलांची कंकणं लेवून माधवी पाटावर बसली तेव्हा आषाढाच्या सरींनी न्हालेल्या शेतासारखी दिसत होती. फुलांच्या कंकणाखाली घड्याळ झाकलं गेलं. त्या सबंध काळात तेवढ्या एका दुपारी तिला वेळ दिसली नाही, आणि तेवढ्या एका दुपारी ती पोटभर जेवली.

मग वाट्यांचा खेळ आला. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी; पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. पण इथे मुलगी कोण, तिच्या वेण्या किती, दात कुठला पडला, सगळं जगजाहीर. क्षणभर प्रथेचीच गाडी रुळावरून घसरली. काकूंनी ती तत्काळ उचलून ठेवली: "पोट्टी हाय हे तर ठाऊकच हाय. कधी येते ते विचारा वाटीले. पेढा निंगाला तर दिवाळीच्या आत, बर्फी निंगाली तर मंग होळीनंतर."

वाट्या भरायचं काम माझ्याकडे होतं. माझा देवावर विश्वास आहे, पण देवाला अशा नाजूक कामी एकटं सोडू नये असं माझं मत आहे. मी दोन्ही वाट्यांत पेढे ठेवले.

माधवीनं वाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "ताई, दोन्हीत पेढेच ना?"

"हव," मी म्हणाले. खोटं मी पुष्कळ बोलते, पण पकडल्यावर नाही.

ती हसली. झाकणावर ठेवलेला हात तिनं तसाच मागे घेतला. "मग मी नाही उघडत. जिला गाडीत बसायचंय, तिलाच विचारू."

गुरुवारी त्या दोन स्टीलच्या वाट्या शिशुगृहात गेल्या. फुलेश्वरीनं पहिलं झाकण काढलं: पेढा. दुसरं काढलं: पेढा. तिच्या चेहऱ्यावर मुळीच आश्चर्य नव्हतं. एक पेढा तिनं मोडला, अर्धा स्वतः खाल्ला, उरलेला अर्धा माधवीच्या तोंडात कोंबला. मग दुसऱ्या वाटीवर झाकण ठेवून ते तळव्यानं घट्ट दाबलं, आणि हिशेब चुकता केल्यासारखं म्हणाली, "ये काली बर आय."

हा उद्यासाठी.

पावसाळा ओसरला, आभाळ धुतल्या काचेसारखं झालं, शरदाचं ऊन गच्चीवर सायीसारखं पसरलं. फाटकाची कडी वाजत राहिली: दूधवाला, वर्गणीवाले, मिठाईचे डबे. दिवाळी आली, पणत्या लागल्या आणि विझल्या. कागद आला नाही. कुणी अडवला असंही नाही. तो नुसताच या टेबलावरून त्या टेबलावर, आपल्या चालीनं चालत होता.

शेवटच्या गुरुवारी पोरीनं नेहमीचा प्रश्न विचारला. माधवी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. कितीतरी दिवस ती चार शब्दांची छत्तीसगढी घोकत होती, हे मला ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरून ते शब्द मंत्रासारखे खाली झिरपत असत.

"काली नई," ती म्हणाली. उद्या नाही. "फेर आहूं." पण येईन.

दारातल्या दीदींनी ऐकलं. नियम मोडला होता. त्यांनी पाठ फिरवली आणि मुळात सरळ असलेला पडदा बराच वेळ सरळ करत राहिल्या.

आता पौष आहे. माधवी तिच्या बर्फात आहे, रोज फोन करते, एकच विचारते, आणि मी एकच उत्तर देते: अजून नाही. पुढची तारीख लागली आहे असं सांगतात. गुरुवारी आता मी एकटी जाते. माझ्या आयुष्यभराच्या थापांना इथे पहिल्यांदा खरं काम मिळालं आहे. मी फुलेश्वरीला सांगते की एका देशात आभाळातून दहीसाखर पडते आणि तिथल्या सगळ्या बसगाड्या एका बाईला घाबरतात. ती बाई हात असा उताणा करते आणि शहर चालू लागतं. पोरगी ऐकते, आणि मध्येच माझी चूक दुरुस्त करते. हात असा नाही, असा. मग रिकामं मनगट उताणं करून दाखवते, आणि खरोखर तंतोतंत तसा, तीच बोटं किंचित मिटलेली, तीच मान कलती.

वाटी अजून शिशुगृहातल्या फळीवर आहे. दर गुरुवारी फुलेश्वरी झाकण उचलून बघते, पेढा जागेवर आहे याची खात्री करते, झाकण पुन्हा घट्ट दाबते. पेढा आठ-दहा दिवसांत बुरसतो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ती खेळायला गेली की दीदी मला खुणेनं आत बोलावतात, जुना पेढा काढून घेतात, आणि मी पदराआडून ताजा ठेवते. आम्ही दोघी याविषयी कधी बोललेलो नाही. परत येताना रिक्षात मला वाटतं, दूर गेलेल्या माणसाची आठवण आपण मनात जपून ठेवतो असं उगाच म्हणतात. ती दर आठवड्याला नव्यानं करून आणावी लागते, आणि कुणाच्या तरी नकळत, मागच्याच जागी, मागच्यासारखीच झाकून ठेवावी लागते, म्हणजे ज्या दिवशी उद्या येईल त्या दिवशी पेढा शिळा निघणार नाही.