सहाव्या डोक्याची जागा

तुळशीला रोज एकवीस प्रदक्षिणा घालायच्या, मगच तोंडात पाणी, हा वेंकटलक्ष्मीचा नेम लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनचा. चौतीस वर्षांत ती बाळंतिणीच्या खोलीत असताना काय चुकला असेल तेवढाच. मोजण्यात तर कधीच चुकला नव्हता. त्या पंगुनी महिन्यातल्या सोमवारी मात्र ती तेराव्या फेरीला थबकली. तेरावी की चौदावी? तुळशीकडे पाहिलं, तुळस काही बोलेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर नवव्या फेरीला डोळ्यांपुढे पाणीच पाणी.

सगळा दोष धाकट्या दिराचा, सेतूचा. सेतू शाळेत चित्रकलेचा मास्तर. कुठे तरी जाऊन काही तरी पाहून आल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आदल्या रविवारी तो शियाळीच्या पुढे समुद्रावर जाऊन आला आणि आला तो ओरडतच, "वैनी, तिट्टू! तिट्टू!"

तिट्टू म्हणजे वाळूचा उंचवटा, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण हा तिट्टू दोन मैल लांब. अलीकडे खाडीचं उथळ पाणी, पलीकडे थेट समुद्र, मध्ये नुसती वाळू.

"तिथं काय आहे?" सेतूच्या बायकोनं, भवानीनं, विचारलं.

"काही नाही!"

"देऊळ?"

"नाही."

"विहीर, झाड, सावली?"

"काही म्हणजे काही नाही. पांढरी वाळू आणि लाल खेकडे. हजार, दोन हजार खेकडे. माणूस दिसलं की सगळे एकदम बिळात!"

"तुम्हाला पाहून कोणीही जाईल," भवानी म्हणाली. पण तिचेही डोळे लकाकले होते.

वेंकटलक्ष्मी वाती वळत होती. तिनं समुद्र पाहिला नव्हता. कुंभकोणातल्या माणसाला तशी गरजही पडत नसे. पुढच्या वर्षी बारा वर्षांनी येणारं महामहामचं पर्व, तेव्हा गंगेपासून सगळ्या नद्या आपल्या पायांनी इथल्या तळ्यात येणार. मग आपण कशाला कुठे जायचं, असं तिचे सासरे म्हणत. ती मान डोलवी. एकदाच, पंधरा वर्षांची असताना, तिच्या मनात आलं होतं की नद्या येतात खऱ्या, पण समुद्र काही येत नाही. ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं.

घरातले मोठे वादिराजराव, तिचे यजमान. त्यांनी थोडा विचार करून निकाल दिला, "पर्वकाळ नसताना समुद्राला शिवायचं नाही. पाहायला हरकत नाही."

"शिवायचं नाही, पाहायचं!" सेतूच्या दोघी मुली, सुंदरी आणि सरोजा, अंगणभर नाचल्या.

झालं. चार मोठी, दोन मुली, सहा जण. पहाटेच्या गाडीनं मायवरम, तिथून शियाळी, पुढे बस, मग बैलगाडी, मग नाव. सेतूनं एका मोठ्या कागदावर सगळा मार्ग रंगवून भिंतीला लावला. तिट्टू त्यात केवढा, तर कुंभकोणाच्या दुप्पट. स्वयंपाकघरात बेत सुरू झाले. चिंचेचा भात, दह्याचा भात, उडदाचं डांगर, चकल्या. तिथे काहीच मिळत नाही म्हटल्यावर प्यायचं पाणीसुद्धा मोठ्या पितळी गुंडीतून न्यायचं. दिवस ठरला रविवार. भिंतीवरचं कॅलेंडर दारासुरमच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्यानं दिलेलं. त्यात एकादशी शनिवारी. म्हणजे रविवारी द्वादशी, सकाळी लवकर पारणं करायचं आणि दुपारी तिट्टूवर पोटभर जेवायचं. सेतू म्हणाला, "देवानंच जुळवून आणलं."

बुधवारी नावाडी नटराजचं कार्ड आलं. सेतूनं मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला. नाव लहान आहे, सहा डोकी बसतील. भांडीकुंडी आणणार असाल तर ते एक डोकं, माणसं पाचच. रविवारनंतर वारं फिरेल, मग पुढच्या मासी महिन्यापर्यंत नाव तिकडे नेणार नाही.

मुलींनी एकमेकींचा हात धरला.

"मी राहते," वेंकटलक्ष्मी म्हणाली. "माझे नेम, माझं सोवळं, तुमच्या पायांत लोढणं कशाला? चिंचेचा कोळ मी असा करून देते की तिट्टूवरचे खेकडे बिळातून वर येतील."

सगळे हसले. तीही हसली. मग ती कोळ ढवळायला आत गेली आणि बराच वेळ ढवळतच राहिली. वादिराजराव दारापर्यंत आले, उभे राहिले, "मिरची जास्त झाली काय?" म्हणाले. ती म्हणाली, "थोडी." ते गेले.

शुक्रवारी सकाळी पूजेच्या संकल्पात वादिराजरावांनी दशमी म्हटली. नैवेद्य झाल्यावर तिनं सहज विचारलं, "आज दशमी, म्हणजे एकभुक्त ना? रात्रीचं काही करत नाही."

"आज नाही. उद्या एकभुक्त."

"उद्या तर एकादशी!"

"कोणी सांगितलं?" त्यांनी देवघरातून मठाचं पंचांग काढलं, चष्मा लावला, बोट फिरवलं. "उद्या पहाटे दशमी उरतेय, वेध आहे. ती एकादशी स्मार्तांची. आपली, वैष्णवांची, रविवारी."

तिच्या हातातली पळी खाली पडली. चौतीस वर्षं घरात एकादशी सगळ्यांच्या आधी तिला कळायची. या खेपेला तिनं पंचांगाला हातसुद्धा लावला नव्हता. आठवडा कसा गेला, तर नुसता तिट्टूच तिट्टू.

घरात हलकल्लोळ झाला. निर्जळी उपासाच्या दिवशी चिंचेचा भात! भवानी नवऱ्यावर उसळली, "चित्रकलेच्या मास्तराला कॅलेंडरावरचं चित्र तेवढं दिसतं. तिथी नाही दिसत!"

"अगं, तिथी छापलेली होती की!"

"स्मार्तांची!"

सेतूनं डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "दादा, एका दिवसापुरतं आपण स्मार्त झालो तर?"

वादिराजरावांनी चष्म्यावरून असं पाहिलं की सेतू भिंतीवरच्या नकाशाला जाऊन चिकटला. "रद्द," ते म्हणाले. सरोजानं भोकाड पसरलं. सुंदरी म्हणाली, "मी जेवणार नाही. मला जेवायचंच नाही. मला खेकडे पाहायचेत!"

वेंकटलक्ष्मी भिंतीशी उभी होती. ती नेहमीच हळू बोलायची, इतकं की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे.

"एक विचारू?" ती म्हणाली.

सगळे वाकले.

"एकादशीला भात लागत नाही."

"तेच तर रडतोय, वैनी!"

"डांगर लागत नाही. चकल्या लागत नाहीत. आपल्याला पाणीसुद्धा लागत नाही. म्हणजे गुंडी नको." ती बोटांवर मोजू लागली. "मुलींपुरती केळी आमच्या पदरात बांधता येतील. शहाळी त्या नावाड्याच्या किनाऱ्यावर मिळतीलच. मग भांडी कुठली?"

कोणालाच उमगेना. आधी उमगलं भवानीला. "अय्यो!" ती किंचाळली. "भांडी नाहीत म्हणजे ते डोकं नाही! अक्का, सहावं डोकं तुमचं!"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. मुलींनी काकूला दोन्हीकडून धरून गरगर फिरवली. सेतूनं कुंचला काढला आणि नकाशातल्या नावेत सहावं माणूस रंगवलं, नऊवारीतलं आणि सगळ्यांपेक्षा मोठं. रिकामी गुंडी कोणाच्या तरी पायाला लागून घरभर घरंगळली.

"पण उपास करून उन्हात," वादिराजराव म्हणाले, "झेपेल तुला?"

"मी चौतीस वर्षं त्या दिवशी चुलीसमोर मुलांचा स्वयंपाक करते," ती म्हणाली. "वाळू काय चुलीपेक्षा तापते?"

त्यांनी पंचांग मिटलं. कपाळाला लावलं. मिशीत कुठे तरी हसू आलं असावं. "एकादशीनंच सोय केली म्हणायची. सोमवारी पहाटे पारण्याला घरी असलो म्हणजे झालं."

"आणि दादा," सेतू नकाशावरून म्हणाला, "समुद्राला शिवायचं नाही, कबूल. पण वैनी काठावर उभ्या राहिल्या आणि लाट आपणहून येऊन पायाला लागली, तर?"

वादिराजरावांनी शास्त्र आठवून पाहिलं. बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तर तो समुद्राचा दोष," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी वेंकटलक्ष्मी तुळशीपाशी आली. सात, आठ, नऊ. अकराव्या फेरीला पायाखाली काही तरी गार सरकल्यासारखं झालं, आणि ती एकटीच खुदकन हसली. अकरा की बारा? पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता, गाडीची पिशवी भरायची राहिली होती. कमी पडू नयेत म्हणून ती आणखी फिरत राहिली, आणि आणखी. त्या दिवशी किती प्रदक्षिणा झाल्या ते तुळशीलाच ठाऊक. एकवीसपेक्षा कमी मात्र नक्की नाहीत.