छत्तीस पांढरे पट्टे

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे साडू वर्षाचे संकल्प लिहायचो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघींनाही त्याचं हसू यायचं, कारण आमचे संकल्प वजन उतरवण्याचे किंवा पहाटे उठण्याचे नसत. आम्ही बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक रंगवायचो आणि साडूभाऊंच्या मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर त्यांच्या लढाया खेळायचो. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि संसारी माणसांना न शोभेल इतक्या तावातावाने भांडायचं, असं एकोणीस वर्षं चाललं.

या वर्षी मी नेहमीसारखे तीन संकल्प लिहिले. जुने सैनिक रंगवून झाल्याशिवाय नवे घ्यायचे नाहीत. महिन्यातून दोन लढाया. हरल्यावर फाशांना शिव्या द्यायच्या नाहीत. यातला तिसरा मी दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी फेब्रुवारीपर्यंत मोडतो. साडूभाऊंनी मात्र एकच ओळ लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "छत्तीस जण. माझ्या हाताने. वर्षाच्या आत."

अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. त्यांच्या उजव्या हाताला सहा महिन्यांपासून कंप सुटला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. फर्निचरच्या कारखान्यात मोठ्या गोल करवतीवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. मालकाने त्यांना करवतीवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं होतं. "हात हलायचा थांबला की परत या," एवढंच तो म्हणाला होता. स्टोअरमध्ये ते खिळे आणि बिजागऱ्या मोजत, आणि घरी आल्यावर कुणाशी धड बोलत नसत.

ही छत्तीस माणसांची पलटण म्हणजे निळे कोट आणि छातीवर फुलीसारखे दोन पांढरे पट्टे. पट्टा काढायला तीन-चार केसांचा ब्रश लागतो आणि श्वास रोखून धरावा लागतो. बाकी सगळ्या चुका झाकता येतात, पण निळ्यावरचा पांढरा पट्टा हलला की लगेच दिसतो. आमच्या टेबलाचा एक नियम होता आणि तो माझाच होता, की धड न रंगवलेला सैनिक लढाईत उतरणार नाही. मी या बाबतीत फार किरकिरा माणूस आहे. घड्याळं दुरुस्त करून पोट भरतो, त्यामुळे केसाएवढी चूकही मला खुपते.

जानेवारीअखेर पहिले सहा झाले. पट्टे थरथरलेले होते. साडूभाऊंनी ते माझ्या भिंगाखाली पाहिले आणि डब्याच्या तळाशी ठेवून दिले. त्या दिवशी आम्ही खेळलोच नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्यांना नव्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभराने पुढचे सहा माझ्या दुकानात आले; जानेवारीनंतर साडूभाऊ रंगवलेला सैनिक निरखून बघायचे नाहीत, तसाच डब्यात टाकायचे. शेवटचा व्हार्निशचा फवारा मीच मारायचो, कारण त्या वासाने ताईंचं, म्हणजे माझ्या मेहुणीचं, डोकं चढायचं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी डोळ्याला भिंग लावलं आणि पाहिलं, तर हे सहा आधीच्यांपेक्षा वाईट होते. एकाचा पट्टा हनुवटीपर्यंत गेला होता.

मी ब्रश घेतला. निळ्याने कडा सरळ केल्या, पांढरा पुन्हा ओढला, वर व्हार्निश मारलं. तासाभराचं काम. मला त्यांची दया आली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. उरलेलं अर्धं असं की असले सैनिक मला आपल्या टेबलावर नको होते.

डबा परत दिला तेव्हा साडूभाऊंनी एकेकाला खिडकीशी धरून पाहिलं. मग ताईंना हाक मारली.

"अगं, इकडे ये, बघ! हात हलतोय असं मला उगाच वाटतं. काम बघ, काम! रेषा कशी आली आहे!"

"गोळी लागू पडली म्हणायची," ताई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण इतक्या महिन्यांनी ते हसत होते, आणि मी मूग गिळून बसलो. त्यानंतर बाराचे अठरा झाले, अठराचे चोवीस. प्रत्येक खेपेला सहा जण माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना सुधारून परत पाठवायचो. साडूभाऊ आता शिट्टी वाजवत रंगवतात, असं ताई सांगायच्या. रविवारी आम्ही पुन्हा खेळू लागलो. फासे टाकताना त्यांचा हात लटपटायचा, पण त्यांचं लक्ष आपल्या पलटणीवर असायचं.

जूनमध्ये ते सैनिकांचा डबा घेऊन थेट मालकाच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर चोवीस जण मांडले, खाली जानेवारीचे, वर नंतरचे. "हात बघायचा तर हा बघा," म्हणाले. मालकाने चष्मा लावून पाहिलं आणि सोमवारपासून त्यांना करवतीवर घेतलं. हे त्यांनी मला पेढे मिळाल्यासारख्या आनंदात सांगितलं. त्या सरळ रेषा माझ्या हाताच्या होत्या. तरी मी काय म्हणालो, तर "अभिनंदन".

दोन दिवसांनी ताई एकट्याच दुकानात आल्या. हातात बंद पडलेलं घड्याळ होतं, पण त्या घड्याळासाठी आल्या नव्हत्या.

"तुम्हाला बारीक बघायची सवय आहे म्हणून विचारते. डॉक्टर गोळीचा डोस वाढवायचा म्हणत होते, यांनी नको सांगितलं. यांचा हात खरंच बरा आहे ना?"

"बरा आहे, ताई," मी म्हणालो. घड्याळाची बॅटरी संपली होती, ती बदलून दिली. माझ्यासारखा भेकड माणूस शोधून सापडायचा नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटं, करवतीने साडूभाऊंच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नेली. तोवर तीस सैनिक रंगवून झाले होते.

पंधरा दिवसांनी ते घरी आले. मी रोज जायचो, फळं ठेवायचो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून पळायचो. एका संध्याकाळी ताईंनी सांगितलं की कारखान्याची चौकशी झाली आणि सगळं नीट पार पडलं. साडूभाऊंनी जबाब दिला होता की हात ठणठणीत होता, पात्यावरचं झाकण सैल असणार. झाकण बसवण्याचं काम फिटरचं. चौदा वर्षं नोकरी झालेला तो माणूस, महिनाअखेर त्याला काढणार होते.

"झाकण सैल होतं, साडूभाऊ?" मी विचारलं.

"असणारच. नाहीतर माझा हात गेला कसा? तू तर पाहिलं आहेस माझं काम."

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, बँडेज केलेला हात उशीवर. मी दार लोटलं, त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मार्चपासूनचं. दुपारी दुकानात काय करत होतो ते. ताईंना काय उत्तर दिलं तेही. सांगताना मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

माझं झाल्यावर त्यांनी बँडेजकडे पाहिलं.

"मालकाला दाखवले ते?"

"पहिले सहा तुमचे. बाकी माझे."

"डबा आण."

मी टेबलावरून डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. डाव्या हाताने ते एकेक उचलू लागले. बोटांना सवय नव्हती, दोन सैनिक खाली पडले. मी उचलायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे."

"गोळी सुरू केल्यावर हात सुधारत होता का रे? थोडा तरी?"

इथे खोटं बोललो असतो तर कदाचित त्यांना बरं वाटलं असतं. पण फिटरचं घर डोळ्यांपुढे होतं.

"नाही. दर खेपेला मला जास्त वेळ लागत होता."

"किती?"

"पहिल्यांदा एक तास. शेवटच्या सहांना तीन दिवस लागले."

बाहेर ताई कुकरची शिट्टी व्हायची वाट बघत कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या, आवाज मोकळा होता. साडूभाऊंनी डबा माझ्यासमोर धरला.

"यात गोळीनंतरचा, तू हात न लावलेला, एखादा आहे? बघू दे मला."

मी डब्यात पाहिलं. पाहायची गरज नव्हती. मार्चपासूनचे चोवीसच्या चोवीस मी पुसून रंगवले होते, एकाचाही पट्टा सोडला नव्हता.

"एकही नाही," मी म्हणालो.

"एक तरी तसाच ठेवायचा होतास," ते म्हणाले. "मला कळलं असतं. मीच उतरलो असतो करवतीवरून."

मग त्यांनी ताईंना हाक मारली आणि जबाब बदलायचा आहे म्हणून मालकाला फोन लावून द्यायला सांगितलं.