डोळे बांधून ऐकलेला ढोल

घानाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात इतिहास म्हणजे गावराखणीच्या दोन जुन्या पथकांचं भांडण. पहिलं पथक लाल, दुसरं निळं. मध्ये पोर्तुगीज, डच आणि इंग्रजही येऊन गेले, पण त्यांना कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

या इतिहासाचा अराबाने खेळ करायचं ठरवलं. खेळाडूचे डोळे बांधायचे आणि त्याने वास, स्पर्श, आवाज यांवरून गावातल्या जुन्या गोष्टी ओळखायच्या. त्यासाठी तिने अक्रातली बँकेची नोकरी सोडली, आणि तिच्या आईने आमच्याशी बोलणं. आम्ही तिघं होतो: अराबा, आवाज मुद्रित करणारा एबो, आणि कॉलेजात इतिहास शिकवणारा मी, म्हणजे शोभेला. पट्ट्या काळ्या घ्यायच्या हे ठरवायलाच पुष्कळ बैठका झाल्या. लाल किंवा निळी घेतली असती तर खेळाआधीच इतिहास सुरू झाला असता.

खेळाला जागा एकच होती, पहिल्या पथकाचा मंडप. पथकाचे कप्तान एग्या क्वान्सा (वडीलधाऱ्यांना आम्ही एग्या म्हणतो) म्हणाले, "आधी मी खेळणार. नाही पटलं तर पोरी, तू आपली बँकेत परत जा."

डोळे बांधून त्यांना बसवलं. धुरावलेल्या मासळीचा वास त्यांनी लगेच ओळखला, वर कुणाच्या चुलीवरची तेही सांगितलं. ओला दोर चाचपून वडिलांची होडी ओळखली. मग एबोने ढोल लावला. एग्यांचे खांदे हलले, पाय उठले, आणि ते चक्क नाचू लागले.

"हा हात आपल्याच पोरांचा! त्या निळ्यांना सात जन्मांत जमायचं नाही!"

अराबाच्या जिवात जीव आला. खरं बोलण्याच्या बाबतीत एबोचा जिभेवर अगदीच ताबा नाही. तो म्हणाला, "एग्या, चुकून त्यांचाच लागला."

एग्यांनी पट्टी काढली. याहून किरकोळ कारणावरून आमच्याकडे डोकी फुटली आहेत. अराबाने घाईघाईने जिनची बाटली आणवली. ती जमिनीवर ओतून पूर्वजांची समजूत घातली. जिवंतांची राहिली.

"आपला लाव," एग्या म्हणाले. एबोने लावला. ते ऐकत राहिले. पाय हलले नाहीत.

"हे कुणी वाजवलंय?"

"तुमच्या नातवाने, एग्या."

मग एग्या अराबाला म्हणाले, "मंडप घे. पण एक अट. त्या निळ्यांच्या अंकोमालाही डोळे बांधून आमचा ढोल ऐकव. आणि माझं त्याला कळता कामा नये."

दुसऱ्या पथकाचे कप्तान एग्या अंकोमा आले, मासळी हुंगली, आणि लाल ढोलावर घाम फुटेपर्यंत नाचले. खरं कळल्यावर त्यांनीही तीच अट घातली: क्वान्सालाही आमचा ढोल ऐकवा, आणि माझं त्याला कळता कामा नये.

उद्घाटनाला दोघे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले होते. अराबा भाषण करत होती, तिची आई पहिल्या रांगेत होती, आणि दोन्ही कप्तान एकमेकांकडे अपार दयेने पाहत होते.