उपासाचं दूध

निमोनियातून उठल्या तेव्हा लीलाताईंचं वजन एकोणचाळीस किलो भरलं. मुरार भागातल्या डॉक्टर निवेदितांनी साफ सांगितलं, दिवसाला सोळाशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत आणि आठवड्यातले तीन उपास बंद. लीलाताईंनी मान डोलावली आणि सोमवारी नेहमीसारख्या नुसत्या दुधावर राहिल्या.

हे उपास नवऱ्यासाठीच होते. चौतीस वर्षांपूर्वी सूर्याजीरावांची पलटण सियाचिनला गेली, त्याच आठवड्यात बाईंनी सोमवार, गुरुवार आणि शनिवार धरले. नवरा धडधाकट परतला, सुभेदार होऊन रिटायर झाला, शिंदे की छावनीतल्या आपल्या घरी निवांत पेन्शन खाऊ लागला, तरी उपास आपले चालूच. सूर्याजीराव रागावले, मग हात जोडले. बाई ढिम्म.

शेवटी त्यांनी सिटी सेंटरमधल्या एका दुकानातून वजन वाढवायच्या पावडरीचा डबा आणला. जिमला जाणारी पोरं नेतात तोच. डब्यावर अंड्याची भुकटी असं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. मग डबा आपल्या फौजी ट्रंकेत दडवला आणि रोज सकाळी दोन चमचे दुधात घालू लागले, उपासाच्या दिवशी तीन. विचारलं तर बदामाची पूड म्हणाले. आजारी माणसाचा जीव वाचवायला एवढं खोटं चालतं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दोन महिन्यांत काटा पंचेचाळीसवर गेला. गाल भरले. सूर्याजीराव गल्लीभर सांगत सुटले. मग लीलाताईंच्या पायात चपला जाईनात, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागू लागली.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"काका, हे वजन नाही, पाणी आहे. किडनीवर ताण आलाय. बाहेरचं काही देता का? सच सांगा, नाहीतर मी औषध कसं देऊ?"

लीलाताईच म्हणाल्या की काही नाही, दूध घेते, बदाम घातलेलं. सूर्याजीराव पेचात पडले. बोलावं तर चौतीस वर्षांचं व्रत आपल्याच हाताने बुडवल्याचं तिच्यासमोर कबूल करायचं. न बोलावं तर ती हातची जाणार.

"पावडर आहे, डॉक्टरसाहेब," ते खाली बघत म्हणाले. "अंड्याची. उपासालाही घातली."

डबा बंद झाला, औषधं सुरू झाली, पाणी उतरलं. काटा अडतीसवर थांबला, सुरुवातीपेक्षाही एक किलो कमी. त्या आठवड्यात लीलाताई नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सूर्याजीरावांना वाटत राहिलं.

सोमवारी त्यांनी साध्या दुधाचा पेला पुढे ठेवला. लीलाताईंनी तो बाजूला सारला.

"माझंही ताट वाढा."

"आज सोमवार आहे, लीला."

"माहीत आहे. तुमच्यासाठी धरला होता, तुम्हीच मोडलात. आता कुणासाठी करू?"

त्या सावकाश वरण-भात जेवल्या, दुसऱ्यांदा भात घेतला. डॉक्टरांनी सांगितलेलं, नवऱ्याने स्वतः हात जोडून मागितलेलं, सगळं समोर घडत होतं. सूर्याजीरावांना मात्र घास गिळवेना. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासाठी कुणी उपाशी राहिलं नव्हतं.